नवशिक्यांच्या विणकाम वर्गावरील अभिप्रायास दुकानातर्फे उत्तर

नमस्कार ताई,

आपला अभिप्राय वाचला. आमच्या नवशिक्यांच्या विणकाम वर्गाला आपण एक तारा दिला आहे आणि लिहिले आहे की चार रविवार गेले तरी हाती एक वाकडा चौकोनच आला, घरी विणून आणलेला मफलर बाईंनी सगळ्यांसमोर उसवून टाकला, लोकरीच्या संचाचे पैसे जास्त लावले आणि यूट्यूबवर याहून चांगले फुकट शिकायला मिळते. आपले मन दुखावले गेले याबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करते. एवढे लिहून थांबावे असा सल्ला घरच्यांनी दिला होता. परंतु पुण्यात लोकरीच्या दुकानाचे वर्षाचे गणित दिवाळी ते संक्रांत एवढ्याच काळात बसते, बाकीच्या महिन्यांत दुकानाचे भाडे बरेचसे या वर्गांच्या शुल्कातूनच निघते, आणि नवी नोंदणी करू पाहणाऱ्यांना सध्या सर्वांत आधी आपलाच अभिप्राय दिसतो आहे. त्यामुळे "उसवून टाकला" या दोन शब्दांबद्दल मला सविस्तर लिहिणे भाग आहे.

पैशांचे आधी सांगते, कारण त्यात फारसे सांगण्यासारखे नाही. शुल्क 1800 रुपये आहे. त्यात आठ तासांचे शिक्षण, आठ नंबरच्या सुयांची एक जोडी, एकाच रंगाच्या व एकाच लॉटच्या 50 ग्रॅमच्या दोन गुंड्या आणि टोके आत ओवण्याची बोथट सुई एवढे येते. तुळशीबागेत लोकर थोडी स्वस्त मिळते हे खरे आहे, आणि ज्यांना ती आणायची असेल त्यांना आम्ही संचाचे पैसे वजा करून देतो, हे नोंदणीच्या फॉर्मवर छापलेले आहे.

आता मफलरबद्दल. दुसऱ्या रविवारी आपण आमच्या संचातील फिकट पिवळी लोकर बाजूला ठेवून काळ्या रंगाची, केसाळ, फरसारखी लोकर आणि नव्या सुया घेऊन आलात. काळा रंग आपल्याला शोभतो याबद्दल वाद नाही. मात्र नवशिक्यांना आम्ही फिकट, गुळगुळीत आणि मध्यम जाडीची लोकर देतो त्याचे कारण आवडनिवडीचे नसून डोळ्यांचे आहे. सुलट टाका समोरून इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो आणि उलट टाक्याची आडवी गाठ पुढे येते; हा फरक एकदा डोळ्यांत बसला की माणूस स्वतःची चूक स्वतः पकडू लागतो. केसाळ काळ्या लोकरीत हे काहीच दिसत नाही. अनुभवी विणणारी व्यक्तीही अशा लोकरीत टाके बोटांनी चाचपून मोजते.

सुयांचेही तसेच झाले. व्हिडिओत आठ नंबरच्या सुया सांगितल्या होत्या आणि मी आठ नंबरच्याच आणल्या, असे आपण म्हणालात आणि ते अगदी खरे होते. परंतु तो व्हिडिओ अमेरिकेतला होता. अमेरिकेतील आठ नंबर म्हणजे 5 मिलिमीटर, आणि आपल्याकडे पूर्वापार चालत आलेल्या ब्रिटिश पद्धतीतील आठ नंबर म्हणजे 4 मिलिमीटर. त्यांच्याकडे नंबर वाढला की सुई जाड होते, तर आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते. म्हणूनच आपल्याकडे स्वेटरचा काठ दहा किंवा अकरा नंबरवर विणतात. ऑनलाइन सुया मागवताना नंबर न पाहता मिलिमीटर पाहावेत, हे मी पहिल्याच रविवारी फळ्यावर लिहिले होते. त्या दिवशी आपल्याला वाहतुकीमुळे यायला उशीर झाला, आणि टाके घालण्याचा भागही हुकला, त्यामुळे आपले पहिले टाके शेजारी बसलेल्या काकूंनी घालून दिले. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही; घडले तसे लिहिते आहे.

तिसऱ्या रविवारी आपण जे विणून आणलेत त्याला आपण अभिप्रायात मफलर म्हटले आहे. त्यात 22 ओळी होत्या. सगळ्या ओळी सुलट विणल्या की दोन ओळींची मिळून एक आडवी कड तयार होते, म्हणजे अकरा कडा. उंची साधारण चार बोटे. सुरुवात 36 टाक्यांनी झाली होती आणि मी मोजले तेव्हा सुईवर 43 टाके होते. विणकाम खाली अरुंद आणि वर रुंद असे पंख्यासारखे उघडत चालले होते, आणि मध्ये एक टाका सुईवरून सुटून चार ओळी खाली घसरला होता.

घसरलेला टाका उसवावा लागत नाही. क्रोशाची सुई घालून तो शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे एकेक आडवा धागा ओढत वर आणता येतो. सगळ्या ओळी सुलट असतील तर एकदा पुढून आणि एकदा मागून, एवढेच पथ्य पाळावे लागते. तो मी आपल्यासमोरच वर आणून दाखवला होता, त्याचा उल्लेख अभिप्रायात नाही. प्रश्न वाढलेल्या सात टाक्यांचा होता. नवशिक्यांचे टाके दोन ठिकाणी वाढतात. ओळ सुरू करताना लोकर सुईवरून मागे ओढली गेली तर काठाचा पहिला टाका वर ताणला जातो, त्याचे दोन पाय सुईवर दोन टाक्यांसारखे दिसतात आणि विणणारी व्यक्ती दोन्ही विणून टाकते. दुसरे म्हणजे मध्येच हात थांबवला आणि लोकर पुढच्या बाजूला राहून गेली, तर पुढचा सुलट टाका विणताना ती सुईवरून जाते आणि एक जादा फास तयार होतो. पुढच्या ओळीत त्याखाली भोक दिसते. जाळीची वीण मुद्दाम अशीच विणतात, फक्त तिथे तेवढेच टाके पुढे एकत्र विणून कमी केले जातात.

कोणी म्हणेल की मग इथेही दोन-दोन टाके एकत्र विणून संख्या 36 वर आणायची होती. एखादा टाका वाढला असता तर मी तेच सुचवले असते. सात टाके सात निरनिराळ्या ओळींत वाढलेले असताना वरून कमी केल्याने खालची भोके बुजत नाहीत आणि वाढलेली रुंदीही आत येत नाही. पुढे दीड मीटर विणून झाल्यावर तोच भाग गळ्याशी दिसला असता, आणि हा मफलर कोणाकडे शिकलात असे कोणी विचारले असते तर नाव आमच्या दुकानाचे आले असते. हे मी लपवत नाही.

उसवण्यापूर्वी मी आपल्याला विचारले होते. आपण त्या वेळी फोनवर बोलत होता आणि मान हलवून "करा, करा" म्हणालात. त्याचा अर्थ मी होकार असा घेतला. सगळ्यांसमोर झाले, हे मान्य आहे, परंतु आमच्या दुकानात वर्गासाठी एकच टेबल आहे, त्याभोवती सात जणी बसतात आणि मागच्या बाजूला लोकरीची कपाटे आहेत. एकीचे काम दुसरीला दिसणार नाही अशी जागाच नाही. त्या टेबलावर आजवर ज्यांचे काम उसवले गेले नाही अशी व्यक्ती मला तरी आठवत नाही. माझ्या सासूबाई टोपडे, मोजे, स्वेटर असे संपूर्ण बाळंतविडे विणून देत असत आणि त्यावर या दुकानाची सुरुवात झाली. विणणाऱ्याने उसवायला लाजू नये, असे त्या प्रत्येकीला सांगत. आपल्याला मात्र ते अपमानास्पद वाटले, आणि तसे त्याच वेळी सांगितले असते तर मी तिथेच थांबले असते.

वाकड्या चौकोनाबद्दल थोडे. हा चौकोन आम्ही वेळ काढण्यासाठी विणायला देत नाही. 30 टाके घालून पहिला भाग सगळा सुलट, दुसरा भाग एक ओळ सुलट व एक ओळ उलट, आणि तिसरा भाग एक टाका सुलट, एक टाका उलट असा काठ, एवढ्यात सुरुवातीच्या तिन्ही विणी हाताखालून जातात. मधला भाग कडेने आत वळतो आणि वरचा काठ आकसतो, त्यामुळे हा चौकोन वाकडा दिसणारच. तो वाकडा का झाला हे समजणे हाच त्या दिवसाचा धडा असतो. आपल्याला मफलर एक ओळ सुलट, एक ओळ उलट असा गुळगुळीत हवा होता, परंतु तसा विणला तर तो दोन्ही कडांनी वळून नळीसारखा होतो आणि इस्त्रीनेही नीट राहत नाही. सगळ्या ओळी सुलट असल्या की दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि कापड सपाट बसते, म्हणून पहिला मफलर आम्ही तसाच सुरू करून देतो.

"सुरू करून देतो" हे मुद्दाम लिहिते आहे, कारण फलकावरही तसेच आहे. 36 टाक्यांचा, दीड मीटर लांबीचा मफलर आठ नंबरच्या सुयांवर सुमारे 600 ओळींचा होतो, म्हणजे 21,600 टाके. नवीन हाताने मिनिटाला पंधरा टाके विणले तरी 24 तास लागतात, आणि आपला वर्ग आठ तासांचा आहे. ज्यांना वर्गातच काहीतरी पूर्ण करून न्यायचे असते त्यांना आम्ही केसांचा पट्टा किंवा बाळाचे मोजे सुचवतो. नवशिक्यांचे मोजे म्हणजे एक सपाट सुलट पट्टी, ती दुमडून मागे व पुढे शिवायची आणि घोट्याशी नाडी ओवायची. तिसऱ्या रविवारनंतर हाच पर्याय मी आपल्याला सुचवला होता. घरात लहान मूल नाही म्हणून आपण नको म्हणालात. आपल्या गटातील एका आजोबांनी नातीसाठी चौथ्या रविवारी एक मोजा पूर्ण करून नेला. दुसरा ते घरी विणत आहेत.

व्हिडिओंबद्दल माझी तक्रार नाही. मी स्वतः क्रोशाचे काही नमुने व्हिडिओ पाहूनच शिकले. एवढेच की व्हिडिओतील बाईंना आपल्या सुईवर 43 टाके झाले आहेत हे दिसत नाही. शिवाय बऱ्याच व्हिडिओंत लोकर डाव्या हातात धरतात, आणि आमच्याकडे ती उजव्या हातात धरायला शिकवतात. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, पण आठवड्यात एक आणि रविवारी दुसरी असे केले तर हात गोंधळतो आणि टाके कधी घट्ट, कधी सैल पडतात.

आपल्या सूचनेचा आम्ही विचार केला आहे. यापुढे कोणाचेही काम उसवण्याआधी स्पष्ट होकार घेतला जाईल, आणि सुयांच्या नंबरांचा छोटा तक्ता संचासोबत देता येईल का तेही पाहत आहोत. उशिरा येणाऱ्यांसाठी काही व्यवस्था करावी असे मनात आहे. जागेचा प्रश्न सुटला की ती करू.

आपली पिवळी लोकर, त्यावरचा चौकोन आणि बोथट सुई दुकानातच राहिली आहे, ती आपल्या नावाच्या पिशवीत ठेवली आहे. सोमवार सोडून कोणत्याही दिवशी दुपारी चार ते सहा या वेळेत आलात तर टाके घालण्याचा हुकलेला भाग मी वेगळे शुल्क न घेता दाखवीन, आणि त्या वेळी टेबलावर दुसरे कोणी नसते. आपण अभिप्राय बदलावा अशी अट नाही, तरी वरील तपशील वाचून बदलावासा वाटला तर आभारी राहीन. येताना संचातल्या चार मिलिमीटरच्या सुया आणाव्यात ही विनंती.

आपली नम्र,
दुकानमालक व वर्गशिक्षिका