टॉवरच्या बुडाशी नव्हे, समोरच्या उतारावर मोजा

गोव्यात मोबाईल टॉवरचा विषय ग्रामसभेत आला की एक संदेश हमखास फिरू लागतो. त्यात तीन दावे असतात: टॉवरखालच्या घराला सगळ्यात जास्त किरणोत्सर्ग, टॉवरवरच्या एका पॅनेलमध्ये (चपट्या उभ्या पेटीत) एकावर एक आठ ॲन्टेना म्हणजे आठपट मारा, आणि झुकवलेलं पॅनेल म्हणजे घरांवर धरलेला नेम. लोकांची काळजी रास्त आहे. म्हणूनच तिला भलत्याच घराकडे वळवणारा हा संदेश मला खटकतो.

आठपट? आठ ॲन्टेनांत पॉवर तेवढीच वाटली जाते, प्रत्येकीला आठवा हिस्सा. लहरी समोर एकमेकींना पूरक ठरतात, इतर बहुतेक दिशांना एकमेकींना मारतात. बदलते ती फक्त दिशांमधली वाटणी.

बुडाशी असलेल्या घराचं म्हणाल, तर नेहमीच्या पॅनेलचा झोत आडवा 65 अंशांच्या आसपास पसरतो, उभा मात्र जेमतेम 6-7 अंश. 30 मीटरवरून 5 अंश झुकवला, तर त्याचा मध्य सपाट जमिनीला टेकतो तो सुमारे 340 मीटरवर. बुडाशी पोचतात त्या बाजूच्या क्षीण पाकळ्या, म्हणजे मुख्य झोताबाहेर सांडणारे छोटे झोत.

नेमाच्या दाव्यात तर डिझाइनच उलटं वाचलंय. सगळ्या ॲन्टेनांना सारखी पॉवर एकाच फेजमध्ये (लहरींचे चढउतार एकाच वेळी येतील अशी) दिली, की मुख्य झोताच्या वर-खाली सारख्याच पाकळ्या उमटतात. पहिली पाकळी झोताच्या सुमारे विसाव्या हिश्श्याची. फेज समान टप्प्यांनी बदलत नेली तर झोत नुसता कलतो. पण वरच्या पाकळ्या दूरच्या सेलमध्ये, म्हणजे दुसऱ्या टॉवरच्या हद्दीत, लुडबुड करतात. मांडवीच्या पाण्यावरून पणजीचा सिग्नल बेतीला सहज पोचतो. खालच्या पाकळ्यांमधल्या खाचांत (जवळजवळ सिग्नल नसलेल्या दिशांत) जवळच्या फोनला सिग्नल मिळत नाही. म्हणून प्रत्येक ॲन्टेनाची पॉवर आणि फेज मुद्दाम असमान ठेवून वरच्या पाकळ्या दाबतात, खालच्या खाचा भरतात. याचं गणित शेल्कुनॉफ या संशोधकाने 1943 मध्ये दिलं; त्याने ॲन्टेनांची अशी रांग बहुपदी म्हणून मांडली: बहुपदीची शून्यं (जिथे तिची किंमत शून्य होते ते बिंदू) एकक वर्तुळावर, म्हणजे 1 त्रिज्येच्या वर्तुळावर, असली की खाच पडते, वर्तुळावरून सरकवली की ती भरते. शिवाय फेज बदलून सरळ दिसणाऱ्या पॅनेलचाही झोत झुकवता येतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी नेम ठरवता येत नाही.

खरा प्रश्न आपल्या टेकड्यांचा आहे. आल्तिनोसारख्या चढावर टॉवर पायथ्याशी असला, तर उतारावरच्या घराची गच्ची पॅनेलच्या उंचीला, अगदी समोर येऊ शकते. मुख्य झोत तिथे जातो. भारताने सप्टेंबर 2012 पासून किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या दहाव्या हिश्श्यावर आणली; ग्रामसभेने मोजणी मागायची ती त्या गच्चीवर.