मालकांचं उत्तर: 'ड्राइव्ह आपोआप रिकामी झाली' या १ स्टारच्या अभिप्रायाला

नमस्कार. तुमच्या मुलाखतींची रेकॉर्डिंग गेली याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं. ड्राइव्ह लॉक करून देताना एक सूचना आम्ही तोंडी दिली, लेखी दिली नाही. ती चूक आमची, माफ करा.

पण 'आपोआप' हा शब्द तसाच राहिला तर उद्या एकही पत्रकार आमच्याकडे येणार नाही, म्हणून लिहावं लागतंय. तुमची १ टीबीची ड्राइव्ह व्हेराक्रिप्टने, म्हणजे पासवर्डशिवाय माहिती वाचता येऊ न देणाऱ्या प्रोग्रामने, अख्खी लॉक केलेली होती. अशी ड्राइव्ह विंडोजला ओळखता येत नाही. जोडली की 'वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करा' अशी चौकट येते. तिथे रद्द दाबून ड्राइव्ह व्हेराक्रिप्टमधून पासवर्ड टाकून उघडायची (माउंट करायची) असते; हीच ती तोंडी दिलेली सूचना. तुमच्याकडून फॉरमॅट दाबलं गेलं. व्हेराक्रिप्टचं हेडर, म्हणजे ड्राइव्ह उघडायला लागणारी माहिती, अगदी सुरुवातीला असतं, आणि त्यातले पहिले ६४ बाइट म्हणजे सॉल्ट, पासवर्डला जोडली जाणारी यादृच्छिक माहिती. पासवर्ड आणि सॉल्ट मिळून हेडर उघडतं. सॉल्ट पुसलं गेलं की पासवर्ड बरोबर टाकला तरी 'चुकीचा' असं दिसू शकतं. तुम्ही तासभर तेच बघत होतात.

तेव्हाही बरंचसं वाचलं असतं. हेडरची दुसरी प्रत ड्राइव्हच्या शेवटाजवळ असते. ती आम्ही तुमच्यासमोरच परत बसवली आणि तुमचाच पासवर्ड लागला. पण फॉरमॅटनंतर तुम्ही ड्राइव्हवर ४० जीबी व्हिडिओ भरला होता. त्याच्याखाली जे गेलं ते कोणालाच काढता येत नाही.

'मास्टर किल्ली असून दिली नाही' हे मात्र फार लागलं. अशी किल्ली नसतेच. असती, तर ड्राइव्ह जप्त करणाऱ्यानेही ती आमच्याकडून घेतली असती, आणि मग तुम्हाला माहिती देणाऱ्यांचं काय झालं असतं? तुम्ही नेट नसलेल्या संगणकावर पासवर्ड टाकत होतात तेव्हा आम्ही खोलीबाहेर थांबलो, ते याचसाठी.

यापुढे ड्राइव्हवर ठळक चिठ्ठी लावू. तुमच्या संगणकावर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून तिचं ड्राइव्ह अक्षरही (E: सारखं) काढून देऊ, म्हणजे त्या संगणकावर ती चौकट येणार नाही. हेडरची प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर देऊ. फायलींच्या दुसऱ्या प्रतीचंही काहीतरी बघतो.

तोवर त्या ड्राइव्हवर आणखी काहीही कॉपी करू नका. घेऊन या, उरलेल्या फायली शोधून देतो, त्याचे पैसे घेणार नाही.