पावतीवर छापले म्हणून सगळे संपत नाही

गेल्या वैशाखात माझ्या मावसभावाच्या मुलीचे लग्न ठरले होते. मंगल कार्यालयाचे भाडे 1,20,000 रुपये ठरले आणि त्यातले 40,000 रुपये त्याने माघातच आगाऊ भरले. लग्नाला दीड महिना उरला असताना वराचे आजोबा वारले आणि दोन्ही घरांनी मिळून लग्न पुढे ढकलले. दुसऱ्याच दिवशी मावसभाऊ कार्यालयात जाऊन तसे सांगून आला. मालकांनी त्याच्याच हातातली गुलाबी पावती मागून घेतली आणि तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या ओळीवर बोट ठेवले : 'कार्यक्रम रद्द झाल्यास आगाऊ रक्कम परत मिळणार नाही.' खाली मावसभावाची सही होती. 'भाऊ, हे तर आधीपासूनच लिहिलेले आहे,' एवढेच ते म्हणाले, आणि माणूस मुकाट्याने घरी परतला.

मी अनेक वर्षे बी. कॉम.च्या वर्गात व्यापारी कायदा शिकवतो. प्रस्ताव, स्वीकृती आणि प्रतिफल यांच्या व्याख्या आमची मुले तोंडपाठ म्हणतात; पण घरात असा प्रसंग आला की तीच मुले आणि त्यांचे वडील छापील ओळीपुढे हात टेकतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. पावतीवरच्या ओळीला किंमत नसते असे मी म्हणत नाही. सही केली आहे, तेव्हा ती अट करारात आली असे मी धरून चालतो. मात्र त्या अटीचा परिणाम किती, हे छापणारा ठरवत नाही, कायदा ठरवतो.

भारतीय करार अधिनियम 1872 मधील कलम 74 सांगते की करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी किंवा गमवावी असे आधीच ठरलेले असले, तरी दुसऱ्या पक्षाला मिळते ती वाजवी भरपाई, आणि ठरलेली रक्कम ही त्या भरपाईची कमाल मर्यादा असते. 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात याच कलमाचा अर्थ स्पष्ट केला. तिथे लिलावातील भूखंडासाठी भरलेली 78 लाख रुपयांची इसाऱ्याची रक्कम प्राधिकरणाने जप्त केली होती. पण तोच भूखंड नंतर पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त किमतीला विकला गेला होता. ज्याचे नुकसानच झाले नाही त्याला भरपाई कशाची, असा तो विचार आहे, आणि न्यायालयाने ती रक्कम परत करायला लावली.

आता आमच्या प्रकरणाकडे येतो. मूळ तारखेच्या आठ दिवस आधी मावसभावाच्या घरी भावकीतल्या एका लग्नाची पत्रिका आली. कार्यालय तेच होते आणि तारीखही तीच होती. ती पत्रिका मी त्याला जपून ठेवायला सांगितली, कारण मालकांची तारीख रिकामी गेलेली नाही याचा त्याहून सरळ पुरावा दुसरा नव्हता. त्याच वेळी मी त्याला हेही सांगितले की शब्द आपण मोडला आहे, आणि ऐन लग्नसराईत ती तारीख खरोखर मोकळी राहिली असती, तर त्या 40,000 रुपयांवर मालकांचा हक्क मी स्वतः मान्य केला असता. करार कायदा दोन्ही बाजूंसाठी असतो. त्याचा आधार घ्यायचा तर स्वतःची चूकही त्याच मापाने मोजावी लागते.

आम्ही वकिलाकडे गेलो नाही. भाडे किती ठरले, आगाऊ किती दिले, रद्द केल्याचे कोणत्या दिवशी कळवले, त्या तारखेला प्रत्यक्षात कोणाचे लग्न झाले आणि आता आमची मागणी काय, एवढेच एका पानात लिहून पोस्टाने पोच घेऊन पाठवले. आठवड्याभरात मालकांचा फोन आला आणि बसून बोलल्यावर त्यांनी 32,000 रुपये परत केले. माझ्या मते उरलेले 8,000 रुपयेही त्यांच्या खर्चाच्या मानाने जास्त होते. पण मावसभावाने ते आनंदाने सोडले. घेणेकऱ्याने राजीखुशीने कमी रकमेवर समाधान मानले, तर तेही कलम 63 प्रमाणे पूर्ण वैधच आहे.

या साऱ्याचा पाया ती पावती होती, आणि आपल्या खान्देशात अडचण नेमकी तिथेच आहे. दुकानात बिल मागितले की 'आपलाच मानूस शे, बिल कसाले?' असे प्रेमाने म्हटले जाते आणि आग्रह धरणाऱ्यालाच संकोच वाटतो. तोंडी करारही कायद्याने करारच असतो, यात शंका नाही. पण ठरले काय होते हे सिद्ध करायची वेळ आली की दोन्हीकडच्या आठवणी वेगळ्या निघतात, आणि जे नाते जपण्यासाठी कागद टाळला तेच नाते आधी तुटते. ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच आहे. म्हणून 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी नुसते मन बदललेल्या ग्राहकाला लागू पडेल, बिघडलेल्या मिक्सरला नाही.

बियाण्याच्या बाबतीत बिलाचे मोल याहून मोठे असते. कपाशी उगवलीच नाही, किंवा वाढली पण बोंडे धरली नाहीत, तर शेतकऱ्याचे त्या पाकिटाच्या किमतीबरोबर अख्खे वर्ष जाते. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी या आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली सांगितले की बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि बियाणे कायदा वेगळा असला तरी त्याला ग्राहक मंचाचा (आताच्या ग्राहक आयोगाचा) मार्ग खुला आहे. बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत का पाठवला नाही, हा कंपनीचा आक्षेपही टिकला नाही, कारण पुढे बियाणे खोटे निघेल असे धरून कोणी शेतकरी त्यातले मूठभर बाजूला काढून ठेवत नसतो. तरीही एक गोष्ट कळकळीने सांगतो. रागाच्या भरात शेतात नांगर घालू नका. आधी कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा, बियाण्यांच्या तक्रारी पाहणाऱ्या समितीकडून पाहणी आणि पंचनामा करून घ्या, आणि मगच पीक मोडा. उभे पीक हाच तुमचा सर्वांत मोठा साक्षीदार असतो.

मात्र हाच शेतकरी केळी विकायला उभा राहतो तेव्हा तो ग्राहक उरत नाही, आणि हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही. रावेर-यावल पट्ट्यात व्यापारी बांधावर येतो, भाव बोलला जातो, माल कापून ट्रकमध्ये भरला जातो आणि पैसे 'पुढच्या आठवड्यात' मिळणार असतात. ते बुडाले तर जिल्हा ग्राहक आयोगाचा उपयोग नाही, कारण तिथे आपण विक्रेते आहोत. तिथे करार कायदा आणि दिवाणी न्यायालय हाच मार्ग आहे. वजनाची चिठ्ठी, गाडीचा क्रमांक आणि त्याच दिवशी व्यापाऱ्याला पाठवलेला 'आज इतके क्विंटल, या भावाने' असा एक व्हॉट्सअॅप संदेश, एवढे हाताशी असले तरी दाव्याला आधार मिळतो. दिलेला धनादेश वटला नाही, तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी मागणीची नोटीस पाठवावीच लागते. तो दिवस चुकला की त्या धनादेशावरची फौजदारी तक्रार अवघड होऊन बसते.

ग्राहक म्हणून तक्रार करायची असेल तर वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच ती दाखल करता येते, त्यामुळे मुंबईच्या कंपनीशी भांडायला मुंबईला जावे लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. आयोग तीन महिन्यांत निकाल देईल असे कायद्यात लिहिले असले, तरी प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे मी लपवणार नाही. म्हणूनच मला ते एक पानाचे पत्र अधिक मोलाचे वाटते. निम्मे वाद त्या पत्राने मिटतात, आणि जे मिटत नाहीत त्यांच्यात तेच पत्र पुढे पहिला पुरावा ठरते.

माझा धाकटा भाऊ शेती पाहतो. यंदा मृगाच्या आधी त्याने कपाशीचे बियाणे आणले, तेव्हा दुकानदाराने सवयीने साध्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. भाऊ तिथेच थांबला आणि वाण, लॉट क्रमांक आणि तारीख घातलेले पक्के बिल घेऊनच निघाला. ते बिल आणि लागवडीनंतरची रिकामी पाकिटे त्याने सुतळीने एकत्र बांधून धान्याच्या कोठीवरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आहेत. कपाशी आता गुडघ्याएवढी झाली आहे आणि चांगली आहे. वेचणी संपेपर्यंत तो डबा तिथेच राहील.