न्यायाधीशांना काय सांगाल?

जगभर चालणारी वेबसाइट काढताय? उत्तम. मग एकच पथ्य पाळा: आपण कुठल्या देशात आहोत, हे विचारणारा कोण ते पाहून ठरवायचं.

जाहिरातदाराने विचारलं तर आपण गल्लीबोळात आहोत. कोथरूडमधलं, तिशीच्या आतलं, नुकतंच लग्न ठरलेलं गिऱ्हाईक हवंय? बोट ठेवून दाखवा. न्यायाधीशांनी विचारलं की हात वर करा: इंटरनेटला कुठल्या आल्यात सीमा, महाराज!

मात्र याहू या अमेरिकी कंपनीसारखं गाफील राहू नका. २००० साली पॅरिसमध्ये तिच्यावर खटला चालला. लिलावाच्या पानांवर नाझी वस्तू विकायला होत्या, आणि फ्रान्समध्ये त्या मांडणं बेकायदा. कोण फ्रान्समधून बघतंय हे ओळखणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य, असं याहूचं म्हणणं. पण फ्रान्समधून तीच पानं उघडली की जाहिराती बरोब्बर फ्रेंचमध्ये! न्यायाधीश गोमेझ यांनी नेमकं हेच हेरलं. तीन तज्ज्ञ बसवले, त्यांत इंटरनेटच्या जनकांपैकी एक, खुद्द विंट सर्फ. आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या यंत्राच्या क्रमांकावरून, सुमारे ७० टक्के लोक ओळखता येतील, असा अंदाज निघाला. हुकूम सुटला: तीन महिन्यांत बंदोबस्त करा, नाहीतर रोज एक लाख फ्रँक दंड. याहूने अमेरिकेतल्या कोर्टात धाव घेतली आणि जानेवारी २००१ मध्ये त्या वस्तू लिलावातून काढूनही टाकल्या. (स्वखुशीने हं. दंडाचा काही संबंध नाही.)

सरकार फारच मागे लागलं तर व्हीपीएनवाल्यांचा, म्हणजे ग्राहकाचा खरा ठावठिकाणा झाकणाऱ्या कंपन्यांचा, कित्ता गिरवा. २०२२ मध्ये ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायचं फर्मान निघालं, तेव्हा एक्स्प्रेसव्हीपीएनने भारतातले सर्व्हर गुंडाळले. ग्राहकाला मिळणारा आयपी पत्ता भारताचा, सर्व्हरचं बिऱ्हाड सिंगापूर-ब्रिटनमध्ये.

सामान्य माणसाची तर काळजीच नको. आयटी कायद्याचं ७५ वं कलम परदेशात बसलेल्या परक्यालाही लागू होतं, गुन्ह्यात गुंतलेला संगणक तेवढा भारतातला हवा. एवढा लांब हात! पण बनावट प्रोफाइलची तक्रार घेऊन आलेल्या बाईला ठाण्यात ऐकू येतं, "ताई, हे आमच्याकडे नाही, सायबरला जा." मग ती तुमच्याकडे वळेल. पोच २४ तासांत द्यायची असते, ती मशीन देतं. निकाल ठरलेल्या मुदतीत लावायचा असतो, तर अगदी शेवटच्या क्षणी कळवा: सदर प्रोफाइल आमच्या धोरणात बसतं. तरी ती अडून बसलीच, तर अटी-शर्तींतलं तळाचं कलम दाखवा. वाद असल्यास न्यायक्षेत्र कॅलिफोर्निया.