टिक्क

काल संध्याकाळी अमळनेरच्या स्टँडसमोर टपरीवर चहाचा पहिला घोट घेतला न घेतला तोच मागून आवाज आला, "काय भाऊ, सापडना का मंग अर्थ?" सात-आठ जण हसले. त्यातले निम्मे तर मला ओळखतही नव्हते, तरी हसले, आणि तेच जास्त लागलं.

प्रकरण असं की आमच्याकडे वडिलांनी 1979 साली घेतलेला ट्रॅक्टर आहे. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, म्हणून घरात पहिला मान त्याचा. कंपनीचं नाव सांगत नाही, त्या बिचाऱ्यांचा काही दोष नाही. तर यंदा हरभऱ्याचे पैसे हातात आले आणि मला अवदसा आठवली, मी त्याला रंग दिला. लालभडक. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी माहेरी येणार, मेहुणे येणार, दारात जरा बरं दिसावं. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी शेणखताची ट्रॉली जोडली, सगळे ओट्यावर बसून बघतायत, मी ऐटीत सीटवर बसलो, सेल्फ मारला आणि आवाज आला, टिक्क.

बस. पुढे काही नाही. परत मारला, टिक्क. लाइट लागतोय, हॉर्न तर असा वाजतोय की शेजारच्या म्हशीनं मान वर केली, पण सेल्फ मारला की लाइट मान टाकतो आणि टिक्क. धाकट्या भाच्यानं लगेच मोबाईल काढला. मेहुणे म्हणाले, "जाऊ द्या, जुना आहे." पाहुण्याला काय बोलणार, हो म्हटलं.

आणि तेवढ्यात कंडक्टर आप्पा आले.

आप्पांबद्दल सविस्तर सांगावं लागेल. आप्पा एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होते. ड्रायव्हर नव्हे, कंडक्टर. पण डबल बेल मारली की गाडी निघायची, हे बत्तीस वर्षं बघून बघून गाडी आपणच चालवत होतो अशी त्यांची खात्री झालेली आहे. गावात कुणाची मोटर जळो, फटफटी बंद पडो, बोअरचं पाणी आटो, आप्पा हजर. कंबरेवर हात, मान तिरकी, डोळे मिटलेले.

"मार सेल्फ," आप्पा म्हणाले.

मारला. टिक्क.

"अजून मार."

टिक्क.

"मी आवाज आयकीसन सांगस. डिझेल शे का?"

"आप्पा, टाकी फुल आहे. आणि डिझेल नसलं तरी इंजिन फिरायला तर पाहिजे ना, ते फिरतच नाहीये."

"न्यूट्रलमा शे का?"

"आहे."

"बरं, डिझेल शे का?"

हे न्यूट्रल आणि डिझेल त्यांनी आळीपाळीनं किती वेळा विचारलं ते मी मोजणं सोडून दिलं. मग ते ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारून आले, नव्या रंगावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, वास घेतला, आणि सगळ्या बहिणी-मेहुण्यांकडे वळून म्हणाले, "रंग दिधा ना यानी, तठेच नजर लागी गयी. तुना बाप कसा, गाडी उतारवर लावे, सेल्फना नादच नही."

हे मात्र खरं होतं आणि म्हणूनच मला राग आला. वडील ट्रॅक्टर कायम मारुतीच्या पाराजवळच्या उतारावर लावायचे, सकाळी ब्रेक सोडला, गिअर टाकून क्लच सोडला की भकभक धूर, चालू. डिझेलला ठिणगी लागत नाही, हवा दाबूनच तापवायची असते, एकदा फिरलं की पेटतं. पण आता त्या उतारावर ग्रामपंचायतीनं पेव्हर ब्लॉक बसवलेत आणि चार माणसं कायम खुर्च्या टाकून बसलेली असतात, त्यांच्या अंगावरून ट्रॅक्टर नेऊ का?

आप्पांनी मग टॉर्च मागवली. दुपारी बारा वाजता, चव्वेचाळीस डिग्रीत. मी खाली आडवा होऊन सेल्फचे, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरचे, नट सोडतोय, पाठ भाजतेय, आणि आप्पा वरून टॉर्च धरून उभे, उजेड माझ्या हातावर नाही, स्वतःच्या हनुवटीवर, कारण सगळा वेळ मेहुण्यांना शिरपूर-अमळनेर गाडी घाटात कशी बंद पडली ते सांगत होते. या रस्त्याला घाट आहे कुठे? पण मेहुणे मुंबईचे, ते माना डोलवत होते.

दहा-बारा किलोचं ते धूड पोत्यात घालून मी एसटीनं तालुक्याला निघालो तर आप्पा स्टॉपवर आलेच. पोतं हातानं तोलून म्हणाले, "याले लगेज लागस." गाडीतल्या कंडक्टर पोरीचं लक्षही नव्हतं. यांनी तिला हाक मारून दाखवलं. लागलं लगेज.

सेल्फ-डायनामोच्या दुकानात मिस्त्रीनं दोन कार्बन बदलले, बुश बदलला, आर्मेचर लेथवर साफ केलं, आणि टेबलावर बॅटरीचे दोन वायर थेट सेल्फला लावले तर भर्रर्र असा फिरला की टेबलावरून उडी मारतो की काय. 2,400 रुपये. घरी आणला, बसवला, सेल्फ मारला.

टिक्क.

परत काढला, परत पोतं, परत लगेज (आता ती पोरगी मला ओळखायला लागली). दुकानात भर्रर्र. मिस्त्री माझ्याकडे असं बघायला लागला जसं डॉक्टर रोज पोट दुखतं म्हणून येणाऱ्या माणसाकडे बघतो. आमचा थोरला लहानपणी असाच होता, घरी थयथयाट आणि पाहुण्यांकडे गेला की हाताची घडी तोंडावर बोट. बॅटरी बदलून पाहिली, शेजाऱ्याची नवी कोरी, त्याचे उपकार घेऊन. टिक्क. थोरला आता पुण्याला असतो, फोनवर म्हणाला, "पप्पा, भंगारात घालून टाका ना, नवीन घ्या." नवीन घ्या! कापसाला काय भाव मिळतो ते त्याला माहिती नाही, आणि मी सांगितलं तर म्हणतो कापूस लावूच नका. मग काय लावू, पेव्हर ब्लॉक? तेवढ्यात चार दिवस गेले, बहिणी परत गेल्या, शेणखत उकिरड्यावरच, भाड्याचा ट्रॅक्टर तासावर बोलावला त्याचे पैसे वेगळे. आणि आप्पा रोज संध्याकाळी येऊन विचारणार, "नजर काढी का?"

शेवटी शेजारच्या गावातला एक पोरगा आला, वायरिंगची कामं करतो, मिशी नुकती फुटलेली. त्यानं काही सोडलं नाही की खोललं नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर ठेवली, दुसरी इंजिनावर, मला म्हणाला मारा सेल्फ. टिक्क. त्यानं मीटरकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "काका, याच्यात अर्थच नाही."

मी म्हटलं, "ते माझा पोरगाही सांगतो रे, पण चालू तर कर."

"तसं नाही हो. अर्थ, अर्थ! अर्थिंग! सात व्होल्ट दाखवतंय इथे, काहीच दाखवायला नको."

बॅटरीच्या मायनसची जाड केबल जिथे चॅसीला बोल्टनं बांधलेली असते तिथे लोखंडाला लोखंड लागलं पाहिजे, करंट तिथूनच बॅटरीत परत येतो, तोच अर्थ. आमच्या रंगवाल्यानं केबल सोडून तिथे दोन हात छान रंग मारला आणि वाळल्यावर केबल त्या रंगावर परत कसून बांधली. बोल्टच्या आट्यांतून जेमतेम करंट जात होता. लाइट-हॉर्नला तेवढा पुरतो, त्यांना लागतात पाच-दहा अँपिअर, पण सेल्फ दोन-तीनशे ओढतो, त्याला काय पुरणार, तो नुसता टिक्क म्हणून गप्प बसतो. आणि दुकानात टेबलावर थेट वायर लावला की मध्ये रंगच नाही, मग भर्रर्र. पोरानं पॉलिश पेपरनं रंग खरवडला, रुपयाएवढं लोखंड उघडं केलं, बोल्ट आवळला. एका सेल्फला चालू. पोरानं शंभर रुपये घेतले. 2,400, दोन वेळचं लगेज, भाड्याचा ट्रॅक्टर, सगळं त्या रुपयाएवढ्या रंगाखाली. रंगवाल्याला फोन केला तर म्हणे, "पण फिनिशिंग कसं आलंय काका!"

धूर बघून आप्पा आलेच. मी त्यांना सगळं नीट समजावलं, अर्थ म्हणजे काय, करंट परत कसा येतो, रंग मध्ये कसा आला. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं आणि जमलेल्या लोकांकडे वळून म्हणाले, "मी पहिल्या दिवशीच सांगेल व्हतं. रंगनं व्हयनं."

आता याला काय उत्तर द्यायचं? रंगानंच झालं होतं. आप्पा म्हणत होते त्यामुळे नाही, पण रंगानंच. मेहुण्यांना फोन करून त्यांनी हे सांगितलंसुद्धा, नंबर कधी घेतला होता देव जाणे.

मग त्यांनी खिशातून लिंबू-मिरची काढली, ट्रॅक्टरच्या नाकाला बांधली आणि म्हणाले, वीस रुपये दे. सुट्टे नव्हते, मी पन्नासची नोट दिली. आप्पांनी नोट घडी करून खिशात घातली, कानामागचा पेन काढला, माझ्याच हातातली डिझेलची पावती ओढून तिच्या पाठीमागे "30" लिहिलं, गोल केलं, खाली सही केली आणि म्हणाले, "उतरताना घी लेजो."