घरपट्टीचा ‘तो’ संदेश आणि मामांचे चलन

‘घरपट्टीची आकारणी चुकीची वाटल्यास थेट अपील करा आणि निकाल लागेपर्यंत एक रुपयाही भरू नका, भरलीत तर आकारणी मान्य केली असे होते. सीमाभागाचा दावा सर्वोच्च न्यायालयात असल्याने येथे वसुली करताच येत नाही. मराठीतला अर्ज कर्नाटकात कायद्याने बाद ठरतो. आणि एकदा तक्रार केली की कर वाढतोच.’ हा संदेश सध्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरत आहे. बेळगावच्या शहापुरात राहणाऱ्या माझ्या मामांनी तो वाचून घरपट्टीसाठी काढलेले पैसे पुन्हा कपाटात ठेवले, म्हणून हे लिहिणे भाग पडले. अपील करा आणि तक्रार केली की कर वाढतो, ही दोन वाक्ये एकाच संदेशात कशी नांदतात, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

सर्वांत घातक भाग ‘भरू नका’ हा आहे. येथे 30 एप्रिलपर्यंत पूर्ण वर्षाची घरपट्टी भरल्यास 5 टक्के सूट मिळते, मे आणि जूनमध्ये सूट नाही आणि दंडही नाही, आणि जुलैपासून दरमहा 2 टक्के दंड चढू लागतो. चार हजारांची घरपट्टी धरली, तर एप्रिलमध्ये वाचणारे दोनशे रुपये जातात आणि मार्चअखेर दंडाचे सातशे वीस रुपये वर बसतात. हरकत प्रलंबित आहे म्हणून हा दंड आपोआप थांबत नाही. ‘हरकत राखून भरणा करीत आहे’ एवढे अर्जात लिहून पैसे भरावेत. भरल्याने हरकतीचा हक्क जात नाही. गंमत अशी की, ‘भरू नका’ हा सल्ला महाराष्ट्रातून उचललेला दिसतो आणि तिथल्या महानगरपालिका अधिनियमातील कलम 406 नुसार करविषयक अपील ऐकले जाण्यासाठी मागणीची रक्कम आधी जमा करावी लागते. म्हणजे जिथून हे शहाणपण आले, तिथेही ते चालत नाही.

सीमाप्रश्नाचे कारण तर ऐकवत नाही. महाराष्ट्राने 2004 मध्ये राज्यघटनेच्या कलम 131 खाली दावा दाखल केला आणि तो प्रलंबित आहे, हे खरे. परंतु दावा प्रलंबित असणे वेगळे आणि वसुलीला स्थगिती असणे वेगळे, आणि अशी स्थगिती कोणीही दिलेली नाही. मामा 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनी हाताला काळी फीत लावून सायकल फेरीत जातात आणि एप्रिलमध्ये घरपट्टीही भरतात; इतक्या वर्षांत या दोन गोष्टींची एकमेकींना कधी अडचण झाली नाही.

मराठी अर्जाबाबत राज्यघटनेचे कलम 350 पुरेसे स्पष्ट आहे. गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी कोणत्याही अधिकाऱ्याकडे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. त्यामुळे मराठी अर्ज ‘कायद्याने बाद’ हे धादांत खोटे आहे. मात्र हे कलम निवेदन देण्यापुरते बोलते, उत्तर मराठीतच मिळेल अशी हमी देत नाही, आणि खिडकीवरचा माणूस कलम पाठ करून बसलेला नसतो. सोबत कन्नड प्रत जोडावी आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नये.

तक्रार केली की कर वाढतो, यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. आपल्याकडे आकारणी स्वयंघोषित आहे. जागेची गायडन्स व्हॅल्यू (म्हणजे सरकारने ठरवलेला दर), बांधकामाचे क्षेत्र, प्रकार, वय आणि वापर यांवरून आकडा निघतो आणि ही माहिती आपणच अर्जात भरून देतो; तक्रारीनंतर ती पुन्हा पाहिली गेली आणि काही राहून गेलेले निघाले, तर आकडा वाढू शकतो. म्हणून अपिलाच्या गोष्टी करण्याआधी आपलाच अर्ज तपासावा. नोटीस आलीच असेल, तर तीवरील तारीख आणि मुदत प्रथम पाहावी. ग्रामपंचायतीच्या हद्दीतील घरांना 1993 चा वेगळा कायदा लागू आहे. त्यांनी तर हा संदेश वाचूही नये.

मामांचे जुने चलन काढून पाहिले, तर अर्ज एका एजंटाने भरलेला होता. आजोबांनी बांधलेल्या कौलारू घराच्या बांधकामाचे वर्ष 1998 पडले होते, म्हणजे घराच्या वयानुसार मिळणारी घट (घसारा) निम्मीही धरलेली नव्हती. मामा हरखले आणि लगेच टेप आणायला निघाले. ओसरीपासून मागच्या बोळापर्यंत माप घेताना परसातली पत्र्याची खोली मात्र अर्जात कुठेच नाही, असे दिसले; ती 2011 ची आहे आणि तिच्यात भाडेकरू राहतो. दुरुस्तीचा अर्ज आता दोन्ही गोष्टींसह द्यावा लागेल. वजाबाकी आणि बेरीज करून किती उरले, ते मामांनी अजून मला सांगितलेले नाही. पैसे मात्र त्यांनी 29 एप्रिललाच भरले.