बिल टी. जोन्सला नुसतं ‘अष्टपैलू’ म्हणू नका

बिल टी. जोन्सबद्दल कुठेही वाचा, ‘अष्टपैलू’ हा शब्द हमखास भेटतो. नर्तक, नृत्यदिग्दर्शक, नाट्यदिग्दर्शक, आत्मचरित्रकार. ‘स्प्रिंग अवेकनिंग’ या संगीतिकेसाठी २००७ मध्ये आणि ‘फेला!’ या संगीतिकेसाठी २०१० मध्ये अमेरिकी रंगभूमीचा मानाचा टोनी पुरस्कार. सगळं खरं आहे. तरी हा शब्द मला खटकतो, कारण एवढ्या यादीत त्याचा जोडीदार आर्नी झेन कुठेच नसतो.

बिल १९५२ सालचा, फ्लोरिडात जन्मलेला. हंगामाप्रमाणे शेतं बदलत फिरणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांच्या बारा मुलांतला दहावा. कुटुंब पुढे न्यूयॉर्क राज्यात स्थिरावलं. तिथल्या बिंगहॅम्टनमध्ये १९७१ साली त्याला आर्नी भेटला. आर्नी छायाचित्रकार, गोरा, बुटका. बिल उंचापुरा, धावपटूच्या अंगाचा. दोघं प्रेमात पडले आणि एकत्र नाचायला लागले. एकमेकांच्या अंगावर वजन टाकायचं, तोल सांभाळायचा, मध्येच बोलायचं, घरच्या गोष्टी सांगायच्या. दोन पुरुषांनी जोडपं म्हणून असं उघड रंगमंचावर उभं राहायचं, तेही त्या काळात! १९८२ साली दोघांच्या नावानं नृत्यकंपनी उभी राहिली. १९८८ मध्ये एड्सनं आर्नीला नेलं. तो ३९ वर्षांचा होता. कंपनीच्या नावातून बिलनं त्याचं नाव कधीच काढलं नाही.

बिल स्वतः एचआयव्हीबाधित. पुढे त्यानं अमेरिकेतल्या गावोगावी गंभीर आजारी माणसांसोबत कार्यशाळा घेतल्या. यातली माणसं नाचणारी नव्हती, साधी होती. स्वतःचं आयुष्य कागदावर रेघ काढून दाखवा, असं तो सांगे, आणि मग त्या रेघेवरून त्यांना चालायला लावी. त्यांच्या हातवाऱ्यांतून, शब्दांतून १९९४ साली ‘स्टिल/हिअर’ हे नृत्य उभं राहिलं. ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाच्या नावाजलेल्या नृत्यसमीक्षक आर्लीन क्रोचे यांनी ते न पाहताच त्यावर लेख लिहिला. खऱ्या आजारी माणसांना प्रयोगात आणल्यावर समीक्षा करायची तरी कशी, हा त्यांचा मुद्दा. अशा कलेला त्यांनी ‘बळींची कला’ ठरवलं.

प्रश्न अगदीच फालतू नाही, हे मला मान्य आहे. समोरच्याचं दुःख खरं असेल तर प्रयोग फसला म्हणायला जीभ रेटत नाही. पण त्यासाठी आधी जाऊन बसावं लागतं, बघावं लागतं. न बघता लिहिलेलं मी समीक्षा मानणार नाही, लिहिणारी व्यक्ती कितीही मोठी असो. आणि दुःखाला रंगमंचाबाहेर ठेवायचं म्हटलं तर बिलनं नेमकं काय नाचायचं होतं?

मला तर त्याच्या सगळ्या कामात ‘डी-मॅन इन द वॉटर्स’ हे नृत्य सर्वांत जवळचं वाटतं. १९८९ सालचं. संगीत जर्मन संगीतकार मेंडेल्सझोनचं, त्यानं सोळाव्या वर्षी लिहिलेलं, आनंदानं उसळणारं. त्यावर नर्तक पोटावर सपकन घसरत जातात, जणू लाटेत सूर मारलाय. एकमेकांना झेलतात, पुन्हा फेकतात. नावातला ‘डी-मॅन’ म्हणजे कंपनीतलाच नर्तक डेमियन अक्वाव्हेला. एड्सनं तो इतका खचला होता की पायांवर उभं राहणं जमत नव्हतं. बिल त्याला उचलून घेऊन रंगमंचावर आला. डेमियननं आपल्या वाट्याच्या हातांच्या हालचाली केल्या. पाय बिलचे होते.